वारस नोंद करायला निघालेल्या भावांना खुलं पत्र

दादांनो, भाऊंनो, अण्णा, आबा, तात्या, जे कोण असाल ते,

हे पत्र सरकारला नाहीये. सरकारच्या नावाने पत्रं लिहून लोकांची बोटं झिजली, आणि खरं सांगायचं तर या एका बाबतीत कायदा बराचसा आमच्या बाजूने आहे, गाडी अडलीय ती तुमच्यापाशी. वडील गेल्यावर सातबाऱ्याला वारस लावायला निघालेल्या आणि लगोलग बहिणींकडून हक्कसोड पत्रावर अंगठे घ्यायच्या तयारीत असलेल्या समस्त भावांना हे लिहितेय. मी पण कुणाची तरी थोरली ताई आहे. माझ्या घरचं काय झालं ते इथे लिहिणार नाही, भाऊ दिवसभर ऑनलाइन असतो.

आमच्या तालुक्याला भाऊबीज उरकून सरकारी सुट्ट्या संपल्या की पहिल्या एक-दोन वर्किंग डेला दुय्यम निबंधक ऑफिसच्या बाहेर काय गर्दी असते ती एकदा येऊन बघा. नव्याकोऱ्या साड्या नेसलेल्या बायका, ओवाळणीतल्याच साड्या त्या, अजून घडी मोडलेली नाही नीट. आक्का बाकड्यावर बसलेली, मांडीवर कॅरीबॅग, त्यात आधार कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो. भाऊ बाँड रायटरच्या टेबलाशी उभा, भाचा झेरॉक्स काढायला पळतोय, वहिनी घरून डबा घेऊन आलीय. सगळं इतकं प्रेमाने चाललेलं असतं की बघणाऱ्याला वाटावं साखरपुड्याला आलेत. फक्त तो जो कागद आहे ना, सात-आठ पानांचा, तो त्या आक्काला कुणीही वाचून दाखवत नाही. ती विचारत पण नाही, कारण विचारलं म्हणजे भावावर विश्वास नाही असं होतं. मग नंबर येतो, आत जायचं, मावशी कॅमेऱ्यात बघा, अंगठा मशीनवर दाबा, जरा जोरात, रेषा झिजल्यात हो तुमच्या (झिजणारच, त्याच शेतात लग्नाआधी खुरपं धरून झिजल्यात). साहेब मान वर न करता विचारतात स्वखुशीने देताय ना, आक्का मान हलवते, झालं. बाहेर आल्यावर हॉटेलात सगळ्यांना थाळी, वरून आईस्क्रीम, आणि पाचच्या एसटीत खिडकीजवळची सीट धरून देणार. कागदात लिहिलेलं असतं "कोणताही मोबदला न घेता". वडिलोपार्जित जमिनीचा हक्क भावाच्या नावाने असा विनामोबदला सोडला की त्याला स्टॅम्प पूर्वी २०० रुपयांचा लागायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. म्हणजे पाण्याखालची बागायत जमीन, जिचा एक गुंठा विकायची वेळ आली तर तुम्ही आठ दिवस भाव खाली-वर कराल, ती पाचशेच्या कागदावर आणि एका थाळीवर जाते.

आता तुम्ही म्हणाल ती स्वतःच म्हणाली मला काही नको. म्हणाली असेल. काही जणी खरंच मनापासून सोडतात, भावाची परिस्थिती बघून सोडतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतेय ते बाकीच्यांबद्दल, ज्यांना कळून चुकलंय की "मला काही नको" हे म्हटलं नाही तर पुढच्या दिवाळीला फोन येणार नाही. हिस्सा मागितला की माहेर तुटलं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठेच नाही, पण गावातल्या प्रत्येक पोरीला ते पाठ असतं. कुणीतरी एक आत्या असतेच जिने कोर्टात दावा लावला, आणि तिचं नाव घरात असं घेतात की जणू तिने चोरी केली. तिच्या मुलाच्या लग्नाला कुणी गेलं नाही. भाऊभाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडतात, वीस-वीस वर्षं कोर्टात केस चालवतात, तरी दहाव्याला-तेराव्याला एका पंगतीत बसतात की नाही, तिथे नातं तुटत नाही, मग बहिणीने सरळ विचारलं तर ते एवढं कसं तकलादू निघतं?

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण अजून "लग्न झालेल्या पोरीला काय नसतं" इथेच आहेत. आपल्या राज्याने देशाच्या आधी अकरा वर्षं, २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, मेख एवढीच की त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली, मुलगी आणि मुलगा सारखेच. तरी लोक भांडत राहिले की वडील २००५ च्या आधी वारले मग काय, तर ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये तेही मिटवलं, वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायची गरज नाही. आधीच रीतसर रजिस्टर वाटणी होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन असेल तर ते मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात, पण मृत्युपत्रच नसेल तर त्यात मुलीला मुलाएवढंच येतं, आणि हे आजचं नाही, १९५६ पासूनचं आहे! म्हणजे आमच्या आज्ज्यांनाही काही ना काही येत होतं. हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं झालं, मुस्लिम, ख्रिश्चन, आदिवासी बहिणींचे नियम वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल जाणकाराने लिहावं.

पण कायदा पुस्तकात आणि जमीन सातबाऱ्यात. सातबाऱ्यात बायकांना कसं गायब केलंय ते बघायचं असेल तर आपल्या गावचे जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वाचा, आता बरेच ऑनलाइन दिसतात. कुठे थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकी सगळं कुटुंब त्या तीन अक्षरांच्या मागे. कुठे मुलगे वर खातेदार म्हणून आणि बहिणी, आई खाली "इतर हक्क" मध्ये, जिथे सोसायटीचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा लिहितात तिथे. कुठे एवढीच ओळ की बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला सबब नावे कमी केली. जबाब कुणी घेतला, कुणासमोर, त्या बाईला माहीत तरी होतं का, काही पत्ता नाही. शासनाने एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा म्हणून मोहीम काढली, मयत खातेदारांची नावं काढून त्यांचे वारस लावायचे, चांगलंच आहे ते, कित्येक सातबाऱ्यांवर चाळीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा अजून शेती करत होते. पण वारस लागले की बहिणींची नावं पण लागतात, आणि ती लागली की लगेच तुम्हाला घाई होते, आक्का ये ना जरा दोन दिवस, बरेच दिवस झाले आली नाहीस.

तुमच्या बाजूचं पण मला ठाऊक आहे, ऐकून ऐकून तोंडपाठ झालंय. पहिलं म्हणजे तुझ्या लग्नात खर्च केला. बरं, केला. त्याचा हिशोब मांडायचाच असेल तर मांडू, पण मग दादाचं लग्न फुकटात झालं होतं का, त्याचं इंजिनिअरिंग, त्याला घेऊन दिलेली बाइक, धंद्यात बुडवलेले पैसे हे पण त्याच वहीत लिहायचं. आणि त्या लग्नाच्या खर्चातलं तिच्या नावावर काय आलं हो? मांडव, बँड, जेवणावळी, दाजींना अंगठी, सासूला पैठणी. हुंडा दिला म्हणता ना, तो ज्यांच्या घरी गेला त्यांच्याकडून मागा. १९६१ च्या कायद्याने गुन्हा असलेली गोष्ट आपण एकमेकांना दिली हे कारण म्हणून सांगायची हिंमत फक्त आपल्याकडेच.

दुसरं, आईवडिलांना आम्ही सांभाळलं. हे मला पटतं, म्हणजे जिथे खरंच सांभाळलं असेल तिथे. पण वडिलांचं पथ्यपाणी, अंथरुणातलं करणं, हे तुम्ही केलं की वहिनीने? वहिनीने केलं असेल तर त्याचं श्रेय जमिनीच्या रूपाने तुमच्या नावावर का चढतं, तिचं नाव लावा की सातबाऱ्याला. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण झोपलं होतं हे पण एकदा आठवा, बहुतेक घरात उत्तर "ताई" असंच येतं, सासरी चार दिवस सांगून आलेली.

तिसरं जे आहे त्यावर जरा थांबून बोलायला पाहिजे कारण त्यात तथ्य आहे. दोन-अडीच एकर रान, त्यात तीन बहिणी, तुकडे किती पाडायचे? शेती परवडत नाही, ऊस जाईना, कांद्याला भाव नाही, हे आम्हाला काय कळत नाही का, आम्ही त्याच घरातल्या. पण नाव लागणं आणि तुकडा पडणं यात फरक आहे. सामाईक खात्यात चौघांची नावं राहू शकतात आणि एकजण कसू शकतो, जमीन जागची हलत नाही, तुकडेबंदीचा कायदा पण आडवा येत नाही. तुम्हीच दोघे भाऊ वर्षानुवर्षं सामाईक खात्यात असता की नाही? तिथे तुकड्यांची भीती वाटत नाही, बहिणीचं नाव आलं की अचानक गुंठ्यांचं गणित सुरू होतं. आता बँकेचं, ते खरं आहे, पीक कर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागतात, दरवेळी बहिणीला पुण्याहून, सुरतेहून बोलवायचं म्हणजे ताप होतो. त्यावर संमतीपत्र आहे, मुखत्यारपत्र आहे, वकिलाकडून नीट मर्यादित करून घ्यायचं म्हणजे नंतर कुणाला त्रास नाही. कर्जाच्या सहीसाठी आख्खा हक्क काढून घेणं म्हणजे डास चावतात म्हणून घराची भिंत पाडण्यासारखं झालं.

मला जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. जमीन नुसती जमीन असते तोवर बहीण कुणाला आठवत नाही, आणि रस्ता आला, कॅनॉल आला, एमआयडीसी आली की त्याच संध्याकाळी फोन. समृद्धी महामार्गाच्या वेळी बघितलं ना सगळ्यांनी, ७०१ किलोमीटरचा रस्ता, सरळ खरेदीला बाजारभावाच्या कितीतरी पट रक्कम, आणि सह्या सगळ्या हिस्सेदारांच्या लागणार. कुठे कुठे बहिणींना तेव्हा पहिल्यांदा समजलं की सातबाऱ्यावर आपलं नाव होतं! काही घरांत नीट वाटून दिलं, त्यांना मानलं पाहिजे, काही घरांत "कागदावर सही कर, सरकारी काम आहे" एवढंच सांगून करोडोचा विषय मिटवला, आणि बहिणीला मिक्सर मिळाला. आता दुसरे रस्ते येऊ घातलेत, म्हणून आत्ता लिहितेय.

दाजींनी भडकवलं असेल, हे पण असतंच. असेल कधी कधी, नवरे पण काही संत नाहीत, बायकोच्या हिश्शावर डोळा ठेवून माहेरी भांडायला लावणारे मी पाहिलेत. पण गंमत बघा, बहीण सही करते तेव्हा ती समजूतदार, स्वखुशीने, स्वतःच्या मर्जीने, आणि नाही म्हणते तेव्हा तिच्या मागे कोणीतरी आहे. तिला स्वतःची अक्कल फक्त हो म्हणण्यापुरतीच दिलीय का देवाने?

नावाने काय फरक पडतो असं विचारतात लोक, खायला तर मिळतंय. फरक पडतो. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे, गारपिटीचे पैसे, पीक विमा, सगळं नावाला चिकटलेलं आहे, राबणाऱ्या हाताला नाही. देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हातात त्यांच्यात, बायका किती तर २०१५-१६ च्या कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के, आणि रानात बघा, लावणीला, खुरपायला, कापूस वेचायला कोण दिसतं ते. आमच्या ओळखीतली एक बाई, नवरा गेला, सासरच्यांनी दोन पोरांसकट हाकललं, माहेरी आली तर माहेर म्हणजे भावाचं घर, एका खोलीत राहायची आणि वहिनीच्या मूडवर तिचा चहा ठरायचा. ज्या वावरात ती मजुरीने जात होती त्या वावरात तिचा कायद्याने तिसरा हिस्सा होता, चार वर्षांपूर्वी सही करून दिलेला. हे मी रंगवून सांगत नाहीये, प्रत्येक गावात अशी एक असते, तुम्हाला पण तुमच्या गावातली आठवली असेल आत्ता.

आणि सासरी मार खाणारी बाई परत का येत नाही, सहन का करते, असं टीव्ही बघताना तुम्हीच विचारता. येऊ कुठे? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी बायकांना विचारून अभ्यास केला होता, २००५ साली छापून आला, ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्लेला, आणि जमीन व घर दोन्ही नावावर असलेल्यांत तो आकडा ७ टक्के. केरळ वेगळं, आपण वेगळे, मान्य. पण जिच्या नावावर काही आहे तिच्यावर हात उचलताना समोरचा विचार करतो हे समजायला केरळला जायची पण गरज नाही. म्हणजे बहिणीच्या काळजीने तुम्ही राखीला जे वचन देता, रक्षण वगैरे, ते सातबाऱ्यावर तिचं नाव ठेवून जास्त स्वस्तात होतं.

हे काही शहरातल्या शिकलेल्या बायकांचं खूळ नाहीये, जे काही जण लगेच म्हणतील. १९८६ ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखोंनी बायका आल्या होत्या, सगळ्या खेड्यातल्या, ट्रॅक्टर-ट्रकमधून. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, संघटनेचे नेते शरद जोशी गावोगाव सांगत फिरले की बायकोच्या नावावर जमीन करा, आणि शेतकऱ्यांनी केली, हजारोंनी केली, कुठल्या कोर्टाने सांगितलं नव्हतं. पुरुष स्वतःच्या हाताने सोडू शकतात हे तेव्हाच सिद्ध झालंय. फक्त ते बायकोपर्यंत आलं, बहिणीपर्यंत यायचं राहिलं.

वहिनी, तुम्ही पण वाचत असाल तर. नणंदेचं नाव निघाल्यावर सगळ्यात जास्त त्रास तुम्हाला होतो असं दाखवलं जातं, भाऊ गप्प बसून तुम्हाला पुढे करतात, वाईट तुम्ही होता. पण तुम्ही पण कुणाची बहीण आहात, तुमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तुमचं काय झालं? तुम्ही सोडलं म्हणून नणंदेनेही सोडावं हा हिशोब वरून बरोबर वाटतो, पण त्यात दोन्हीकडच्या जमिनी दोन्हीकडच्या भावांकडेच राहिल्या आणि दोघी रिकाम्या.

ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं (नाव बदललं, आपण तलाठी भाऊसाहेबच म्हणणार) त्यांनाही जाता जाता एक, अहो वारसाच्या अर्जात बहिणींची नावं मुद्दाम विसरलेली असतात हे तुम्हाला गावात राहून कळतं. फेरफाराची नोटीस जिच्या नावाने आहे तिच्याच हातात पडली पाहिजे, हरकतीला पंधरा दिवस असतात, ते पंधरा दिवस ती नोटीस भावाच्या कपाटात काढते.

तर भावांनो, मागणं जास्त नाहीये. वारसाचा अर्ज भरताना सगळ्यांची नावं लिहा, आईचं पण, आणि खातेदार म्हणून लिहा. हक्कसोडचा विषय वडिलांच्या वर्षश्राद्धापर्यंत काढूच नका, घरात सुतक असताना कुठली बाई नाही म्हणणार आहे. जमीन तुम्हालाच कसायचीय, तुकडा नको, तर हिश्शाची किंमत ठरवा, बाजारभावाने जमत नसेल तर जमेल तशी, हप्त्याने द्या, उसाच्या बिलातून द्या, पण "देतो" हे कागदावर येऊ द्या. तिने खरंच सोडायचं ठरवलं तर सोडू द्या, तेही तिचंच आहे, पण दिवाळीत, राखीला, भाच्याच्या जावळाला आलेली असताना गाडीत घालून नेऊ नका. आणि मसुदा महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, दाजींच्या नाही, तिच्या नंबरवर.

तुमचीच,
एक थोरली ताई